साडेचार वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा तंबूत नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी साडेचार वर्षांची. जाणार तुम्ही दोघंच, बाप आणि लेक. दोन रात्री तंबूत, मधल्या दिवशी डोंगरावर चढाई, संध्याकाळी शेकोटी. तुम्ही स्वतः कॉलेजात असताना दोन-तीनदा तंबूत झोपला आहात. तिची आई म्हणते, अजून लहान आहे ती. आणि तुम्हाला सामानाची यादी हवी आहे.

यादी देते, पण शेवटी. गेली अठरा वर्षं मी लहान मुलं असलेल्या कुटुंबांबरोबर तंबूत राहते आहे आणि एखादी वस्तू विसरली म्हणून रात्र वाया गेली असं फार क्वचित पाहिलंय. वाया घालवतो तो बेत. तुमच्या बायकोचं अर्धं म्हणणं खरं आहे: मुलगी लहान नाही, बेत मोठा आहे.

खरं सांगायचं तर चार ते सात हे पहिल्या कॅम्पिंगचं सगळ्यात सोपं वय. मूल स्वतःच्या पायांनी चालतं, शू लागली की सांगतं, ‘इथून पुढे जायचं नाही’ हे त्याला कळतं, आणि तिथं नेटवर्क आहे का हे अजून विचारत नाही. दीड-दोन वर्षांचं मूल नेणं याहून कितीतरी अवघड. तेव्हा वयाची काळजी सोडा आणि बेताला कात्री लावा.

एकच रात्र. डोंगर रद्द. घरापासून गाडीनं तास-दीड तासात पोचता येईल अशी जागा, जिथे परवानगीनं तंबू लावता येतो, संडासाची सोय आहे आणि गाडी तंबूजवळ उभी करता येते. हे वाचून तुमचा हिरमोड होईल याची कल्पना आहे. पण दुसऱ्या रात्रीचा प्रश्न पहिल्या रात्रीनंतर मुलगीच सोडवेल. ती ‘अजून राहू या’ म्हणत असताना निघालात तर पुढच्या खेपेला बॅग तीच भरायला घेईल.

आता मुख्य गोष्ट. प्रश्न विचारणारे बहुतेक पालक दिवसाबद्दल विचारतात: तिला काय दाखवू, कोणते खेळ न्यावेत, कंटाळली तर काय करू. मी आजवर एकही मूल सकाळी अकराला मोकळ्या जागेत कंटाळलेलं पाहिलेलं नाही. एक काठी, थोडा चिखल आणि मुंग्यांची रांग एवढ्यावर दोन तास जातात. बिघडतं ते संध्याकाळी पाच ते सकाळी सात या वेळात, आणि नेमकी तीच वेळ कुणी आखलेली नसते. तुमचा सगळा विचार त्या चौदा तासांवर खर्च करा. दिवस आपला आपण निभतो.

त्याची सुरुवात घरी होते. तंबू नवा असेल तर आधी तुम्ही एकट्यानं दोनदा लावून बघा, त्यातलं एकदा दिवे घालवून, हेडटॉर्चच्या उजेडात. कोणता बांबू कोणत्या खाचेत जातो हे हाताला पाठ असलं पाहिजे. तिथं पोचल्यावर सूर्य कलतोय, मुलगी भुकेली आहे, आणि बाबा सूचनांचा कागद उलटासुलटा करून बघतोय, हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की लांबूनच ओळखते. मूल तंबूकडे बघत नसतं, तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतं.

मग तंबू हॉलमध्ये उभा करा. पेग, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्या, इथे लागत नाहीत; बहुतेक घुमटाकार तंबू पेगशिवायही उभे राहतात. एक रात्र दोघं त्यातच झोपा, स्लीपिंग बॅगेत, तिचा रोजचा उशाचा भालू घेऊन. चेन कशी उघडायची हे तिला शिकवा आणि अंधारात तिच्याकडून उघडून घ्या. आपल्याला बाहेर पडता येतं हे ज्या मुलाला माहीत असतं ते आत शांत झोपतं. दुसरा फायदा म्हणजे प्लॅस्टिकचा नवा वास, बॅगेचा सुळसुळीतपणा, आवाज, या सगळ्याची ओळख घरातच होऊन जाते. तिथल्या रात्री अंधार एकटाच नवा उरतो.

तिथं दुपारी तीनच्या आत पोचा. चार वाजेपर्यंत तंबू उभा आणि अंथरूण घातलेलं हवं, मग काय वाट्टेल ते करा. जागा निवडताना मात्र घाई नको. माझ्याकडून इथेच मोठी चूक झाली होती, ती सांगते.

माझा मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. उताराच्या पायथ्याशी, ओढ्यालगत, गालिच्यासारखं सपाट गवत होतं. फोटोत घालावी अशी जागा. मी तंबू तिथेच लावला. खाली चांगली वीतभर जाडीची हवेची गादी, मुलाला माझी जुनी मोठ्या माणसाची स्लीपिंग बॅग, अंगात दोन स्वेटर. आई म्हणून स्वतःवर खूश होते. रात्री साडेतीनच्या सुमाराला त्यानं मला हलवलं. “आई, माझी पाठ ओली झाली.” मी चाचपडत हात घातला. शू केली नव्हती, तंबू गळत नव्हता, बॅग कोरडी होती. पण त्याच्या पाठीखालची गादी फरशीसारखी गार पडली होती. ‘खालून थंडी वाजतेय’ हे सांगायला त्याच्यापाशी शब्द नव्हता, म्हणून त्यानं जवळचा शब्द वापरला. उजाडेपर्यंत आम्ही गाडीत बसून होतो. पुढची दोन वर्षं कुणी तंबूचं नाव काढलं की तो गंभीरपणे सांगायचा, “तंबू ओला असतो.”

त्या रात्री माझ्या तीन चुका झाल्या होत्या. पहिली जागेची. थंड हवा जड असते, ती रात्री पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट भागात साचते, त्यामुळे ओढ्याकाठचा खळगा वरच्या टप्प्यापेक्षा काही अंशांनी गार असतो आणि दवही तिथेच जास्त पडतं. तंबू पाण्यापासून किमान साठ-सत्तर मीटर लांब, थोडा उंचवट्यावर लावा. मुलगी बरोबर असताना हे अंतर दुसऱ्या कारणानंही हवं, ते पुढे सांगते. वर बघायला विसरू नका: तंबूवर वाळकी फांदी लोंबत असेल तर जागा बदला.

दुसरी चूक गादीची. आपण थंडी अंगावरून येते असं धरून पांघरुणं वाढवत बसतो. प्रत्यक्षात अंगातली ऊब जमीन शोषून घेते. स्लीपिंग बॅगेचा पाठीखालचा भाग आपल्याच वजनानं दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि तो भाग जवळजवळ निकामी होतो. तिथे काम करते ती मॅट. नुसत्या हवेच्या गादीत आतली हवा फिरत राहते आणि ऊब खाली पोचवत राहते. म्हणून गादी जाड की पातळ हे न बघता तिच्यावरचा आर-व्हॅल्यू नावाचा, ती ऊब किती अडवते हे सांगणारा आकडा बघा. उबदार रात्रींना दोनच्या आसपासचा चालतो, गारठ्यात चार किंवा जास्त हवा. नवीन काही घ्यायचं नसेल तर हवेच्या गादीवर साधी फोमची मॅट टाका. फोम गादीच्या वर, म्हणजे अंगाच्या बाजूला. एवढ्यानंही फरक कळतो.

तिसरी चूक बॅगेची. मोठ्या माणसाच्या बॅगेत लहान मूल झोपलं की पायाशी निम्मी बॅग रिकामी राहते आणि ती सगळी हवा त्या इवल्याशा अंगानं तापवायची असते. लहान बॅग नसेल तर मोठ्या बॅगेचा खालचा रिकामा भाग दुमडून तिच्या पायांखाली घाला किंवा दोरीनं बांधून टाका. बॅगेवर जे तापमान छापलेलं असतं त्यावर मुलीसाठी विसंबू नका. ती मोजणी प्रौढ माणसांसाठी असते. लहान मुलांचं वजन कमी आणि वजनाच्या मानानं अंगाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे त्यांची ऊब लवकर जाते. रात्री जितकं तापमान उतरेल असा अंदाज आहे त्याहून निदान पाच अंश जास्त थंडीची बॅग घ्या. आणि हा अंदाज रात्री दहाचा धरू नका. सगळ्यात गार वेळ पहाटेची, सूर्योदयाच्या आसपासची. मुलं गारठून उठतात ती तेव्हाच. ठिकाण तुमच्या गावापेक्षा उंचावर असेल तर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश वजा करा.

झोपण्याआधी तिचे सगळे कपडे बदला. सगळे म्हणजे पायमोजेसुद्धा, ते कोरडे वाटत असले तरी. दिवसभराचा घाम सुती कपड्यांत मुरलेला असतो आणि पहाटे तो अंग गार करतो. झोपायचा कोरडा जोड वेगळ्या पिशवीत ठेवा आणि तो दिवसा कुठल्याही परिस्थितीत काढू नका, ती चिखलात लोळली तरी. डोक्याला मऊ टोपी घाला. पण नऊ थर चढवून तिचा गठ्ठा करू नका, कारण घामाघूम मूलही पहाटे गारठतंच. बॅगेचं तोंड तिच्या चेहऱ्यावर येऊ देऊ नका. थंडी वाजतेय का हे हातापायांवरून ठरवू नका, मुलांचे हात एरवीही गार असतात. मानेमागे, कॉलरच्या आत दोन बोटं घाला. तिथं उबदार आणि कोरडं असेल तर छान. ओलसर असेल तर एक थर कमी करा. गार असेल तर तिला सरळ तुमच्या कुशीत घ्या. मूल थरथर कापून मग एकदम गप्प आणि सुस्त झालं तर मात्र ‘झोप लागली वाटतं’ म्हणून सोडू नका. ते धोक्याचं लक्षण आहे: कोरडे कपडे, गरम केलेली गाडी आणि डॉक्टर.

आता अंधार. घरात आपण ज्याला अंधार म्हणतो त्यात चार्जरचा दिवा असतो, रस्त्यावरचा खांब असतो. खरा अंधार तुमच्या मुलीनं बहुधा पाहिलेलाच नाही. तो तिच्यावर अचानक येऊ देऊ नका. सूर्य बुडायच्या आधी जेवण आटपा, दात घासा, शू, कपडे. मग दोघं बाहेर बसा आणि अंधार पडताना बघा. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकही दिवा न लावता तेवढा वेळ बसलात तर तिला झाडांच्या कडा दिसायला लागतील आणि ती स्वतःच सांगेल की इतकाही अंधार नाहीये. मध्येच कुणी डोळ्यांवर पांढरी टॉर्च मारली की सगळं पहिल्यापासून. म्हणून हेडटॉर्चला लाल दिवा असेल तर तोच वापरा.

तिला स्वतःची टॉर्च द्या, छोटी, एका बटणाची, तिच्याच मालकीची. ती पहिला तासभर उगाचच झाडांवर मारत बसेल, बसू द्या. बॅटरी संपेल, म्हणून जादा आणा. एवढ्याशा खर्चात इतकं धैर्य दुसऱ्या कशातून मिळत नाही.

रात्री आवाज येतील. ‘काही नाही, झोप’ एवढं पुरत नाही, कारण काहीतरी आहे हे तिला ऐकू येतंय. त्याला नाव द्या: हे वाऱ्यानं तंबूवरचं कापड फडफडतंय, हा बेडूक, ही आपल्याच तंबूची दोरी. जो आवाज तुम्हाला ओळखता येत नाही त्याबद्दल खोटं सांगू नका, दोघं मिळून टॉर्च घेऊन चेनमधून बघा.

आणि मघाचा ‘पाठ ओली’चा धडा लक्षात ठेवा. या वयाची मुलं रात्री जे बोलतात त्याचा अर्थ बहुतेक वेळा शेजारच्या घरात राहतो. “पोट दुखतंय” म्हणजे पुष्कळदा भीती, किंवा दुपारपासून अडवून धरलेली शी, कारण तिथला संडास तिला आवडलेला नाही. “मला घरी जायचंय” हे रात्री आठला म्हटलं तर बहुधा झोप आलीय एवढंच असतं. “तहान लागली” तिसऱ्यांदा म्हटलं की बाबा जागा आहे ना याची खात्री करून घेणं चाललंय. आधी मानेमागे हात लावा, मग शूला न्या, मग शेजारी आडवे व्हा. दहातली आठ दुखणी एवढ्यानं जातात. आणि खरोखरचं पोट दुखत असेल तर ते या तिन्हींनंतरही दुखतंच, त्यामुळे फसगत व्हायची भीती नाही.

झोपेची वेळ घरचीच ठेवा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाच्या झोपेसकट दहा ते तेरा तास लागतात, आणि तंबूत सकाळ लवकर होते: कापड पातळ असतं, पहिल्या उजेडाला डोळे उघडतात. ‘आज मजा आहे, जागू दे’ म्हणून अकरापर्यंत बसवलेली मुलगी झोपेला पार करून गेलेली असते, मग ती हसतही नाही आणि झोपतही नाही. रोजची गोष्ट, रोजचं गाणं, सगळं त्याच क्रमानं. तंबू नवा आहे तेवढं नवेपण पुरे.

शूबद्दल लोक लाजतात म्हणून स्पष्ट लिहिते. रात्री एकदा तरी उठावं लागेल असं धरूनच चाला. झोपताना दोनदा न्या, एकदा दात घासल्यावर आणि एकदा गोष्ट झाल्यावर. बूट आत, चेनपाशी, तिचे आणि तुमचे, पायात सरकवता येतील असे. बाहेर ठेवलेले बूट दवानं भिजतात, शिवाय पाय घालण्याआधी झटकून घ्यायची सवय आतल्या बुटांनाही लावा. संडास लांब असेल तर तिची घरातली छोटी पॉटी तंबूच्या पडवीत, म्हणजे दारापुढच्या आडोशात, ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. घरी अंथरूण कोरडं ठेवणारी मुलंही नव्या जागी ओलं करतात. तिच्या बॅगेखाली वॉटरप्रूफ चादर, एक जादा पायजमा, एक जादा पांघरूण, आणि सकाळी त्याबद्दल अवाक्षर नाही. उघड्यावर शीला बसावंच लागलं तर पाण्यापासून आणि वाटेपासून साठ-सत्तर मीटर लांब पंधरा-वीस सेंटिमीटर खड्डा खणून नंतर बुजवायचा. मुलांना खड्डा खणण्याचं काम फार आवडतं, कधीकधी मुख्य कामापेक्षा जास्त.

शेकोटीबद्दल मी थोडी कडक आहे. जिथं शेकोटीला परवानगी आहे तिथंच, आणि पेटवायच्या आधी जमिनीवर काठीनं वर्तुळ काढा, शेकोटीपासून तुमच्या दोन लांब ढांगांवर. त्या रेषेच्या आत पळायचं नाही आणि बाबांचा हात धरल्याशिवाय यायचं नाही. रेष तिलाच काढू द्या, स्वतः काढलेली रेष मुलं पाळतात आणि तुम्हालाही पाळायला लावतात. पण भाजण्याचा जो प्रकार मी सगळ्यात जास्त पाहिलाय तो रात्रीचा नाही, सकाळचा आहे. रात्री लोक निखाऱ्यांवर माती किंवा वाळू लोटून झोपतात. माती आच अडवून धरते. वरून राखाडी, थंडगार दिसणारा तो ढीग सकाळी सहा-सातलाही पाय भाजण्याइतका गरम असतो, आणि सगळ्यात आधी उठून अनवाणी धावत सुटतं ते पोरच. शेकोटी पाण्यानं विझवा. पाणी ओता, काठीनं ढवळा, परत ओता. हाताचा पालथा भाग जवळ नेऊन धग लागत नाही हे बघा आणि मगच झोपायला जा. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

आणि तंबूच्या आत ज्योत नाही. स्टोव्ह नाही, मेणबत्ती नाही, ‘जरा ऊब यावी’ म्हणून निखाऱ्यांचं घमेलं तर मुळीच नाही. आग लागणं हा एक धोका झाला. दुसरा दिसत नाही: जळण्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. विझत आलेले कोळसेही तो सोडत असतात. तंबूच्या पडवीत स्टोव्ह लावणंही त्यातच आलं. थंडीच्या भीतीनं तंबूच्या वरच्या झडपाही बंद करू नका. दोघांच्या श्वासाची वाफ कापडाला लागून पहाटे थेंबथेंब गळते आणि ‘तंबू गळका निघाला’ म्हणून दुकानदाराला शिव्या बसतात.

हरवणं. घाबरवायचं नाही, पण तंबू लावून झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हे करा. तिच्या गळ्यात शिट्टी अडकवा, दोरी अशी की ओढली तर सुटून येईल. तीन वेळा वाजवली म्हणजे ‘मला शोधा’, एरवी वाजवायची नाही (ती वाजवणारच, पहिली दहा मिनिटं माफ). मग तिला सांगा: मी दिसेनासा झालो तर मला शोधायला निघायचं नाही, जवळचं झाड धरायचं आणि तिथेच थांबून शिट्टी वाजवायची. १९८१ साली कॅलिफोर्नियात एक लहान मुलगा हरवून दगावल्यानंतर शोधपथकातल्या लोकांनी मुलांना ‘झाडाला मिठी मार’ हे शिकवणारा कार्यक्रम सुरू केला, त्यातलं हे सूत्र. एका जागी थांबलेलं मूल लवकर सापडतं, चालत राहिलेलं मूल शोधपथकापासून लांब जातं. शोधणारे अनोळखी असले आणि तिचं नाव घेऊन हाका मारत असले तर त्यांना उत्तर द्यायचं, हेही आवर्जून सांगा. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही हे आपणच शिकवलेलं असतं, आणि म्हणून मुलं झुडपात लपून राहतात. निघायच्या सकाळी तिचा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत, बुटांचे तळवेसुद्धा.

पाण्याजवळ मात्र शिट्टी कामाची नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही, गुपचूप खाली जातं. पाण्याच्या दिशेनं जायचं तर तुमच्या हाताच्या अंतरावर, फोन खिशात, आणि पाणी घोट्याइतकं असलं तरी हाच नियम.

आता तुम्ही विचारला नाहीत तो प्रश्न: दोघंच जाताय. तुमचा पाय मुरगळला तर? तुम्हाला रात्री संडासला जायचं असेल तर? पहिल्या खेपेला दुसरं एखादं कुटुंब किंवा निदान एक मोठं माणूस बरोबर असावं असं माझं मत आहे, आणि त्यांनाही मूल असेल तर सोन्याहून पिवळं. पण बाप-लेकीचीच सहल हवी असेल तर मी अडवणार नाही, त्यात वेगळीच गंमत असते. मग अशी जागा घ्या जिथं राखणदार किंवा इतर तंबू हाकेच्या अंतरावर आहेत. पोचल्यावर शेजाऱ्यांशी बोला, मुलीची ओळख करून द्या. घरी लिहून ठेवा: कुठे आहात, किती वाजेपर्यंत फोन येईल, न आल्यास कुणाला कळवायचं. फोन लागत नसेल अशी जागा पहिल्या वेळी नकोच. आणि तुम्हाला रात्री जायचं झालं तर तिला उठवून बरोबर न्या. झोपलेल्या मुलीला ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून चेन लावून सोडून जायचं नाही. तेवढ्यात ती उठते, तंबू रिकामा असतो, आणि चेन उघडायची तर तुम्हीच शिकवलेली असते.

डासांसाठी लांब बाह्या आणि मलम. डीईईटी (DEET) हे डास लांब ठेवणारं रसायन असलेलं मलम या वयाला ३० टक्क्यांपर्यंत चालतं. टक्केवारी वाढते तसा परिणाम जास्त वेळ टिकतो, जास्त कडक होत नाही: १० टक्क्यांचं सुमारे दोन तास, ३० टक्क्यांचं पाचेक तास. आधी तुमच्या तळहातावर घ्या, मग तिला लावा. तिच्या हातांना नको, ते तोंडात जातात. गवतातून फिरून आलात की कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे गोचीड बघा. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल ओतून किंवा चटका देऊन तिची वाट बघत बसू नका.

मेघगर्जना ऐकू आली की तंबू सोडून गाडीत बसा, काचा बंद. तंबू विजेपासून काहीही संरक्षण देत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. गाडी जवळ हवी म्हणाले त्यामागे हेही एक कारण आहे.

हं, यादी. तंबू ‘तीन माणसांचा’ घ्या. त्या आकड्यात खांद्याला खांदा लावून झोपणं धरलेलं असतं, तेव्हा तुम्हा दोघांना आणि सामानाला तोच पुरेल. फ्लाय, म्हणजे तंबूवरचं बाहेरचं कापड, जमिनीपर्यंत येणारी हवी. तंबूखाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान असू द्या, बाहेर डोकावणारी ताडपत्री पावसाचं पाणी गोळा करून तुमच्या पाठीखाली आणते. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, मुलं हमखास अडखळतात. मॅट, बॅगा, तिची उशी, भालू. झोपायचा कोरडा जोड, दिवसाचे दोन जोड, रेनकोट. दोन हेडटॉर्च आणि तिची टॉर्च. पिण्याचं पाणी घरून भरपूर; तिथलं वापरावं लागलं तर खळखळून एक मिनिट उकळलेलं, दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. खाणं जे ती रोज आवडीनं खाते तेच, नवे पदार्थ करून बघायची ही वेळ नाही, आणि उरलेलं सगळं गाडीत, तंबूत एक दाणाही नको. औषधांत ओआरएस, बँडेज, चिमटा, तापाचं औषध, त्यावर तिच्या वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेला डोस लिहून. हात पुसायला ओले रुमाल, जितके वाटतात त्याच्या दुप्पट. खेळणी नकोत. एक बादली न्या.

रात्री दोन वाजता सगळं करूनही ती थांबत नसेल, खरोखर रडत असेल, तर घरी जा. तुम्हाला झोप आवरत नसेल तर गाडी चालवू नका, गाडीतच सीट मागे करून झोपा. तंबू सकाळी उचलता येतो. मी निम्म्या रात्री परत गेलेली मुलं महिन्याभरात पुन्हा आलेली पाहिली आहेत. ‘इतक्या लांब आलोय, आता झोपायचंच’ असं दरडावून झोपवलेली तितकी आलेली नाहीत.

सकाळी घाई करू नका. फ्लाय दवानं भिजलेली असेल, ती उन्हात टाका आणि तोवर पेग उपटायचं काम तिला द्या. त्यांना ओढायला एक दोरीचा फास करून द्यावा लागतो, नाहीतर बोटं सोलतात. ठोकले किती आणि निघाले किती हे तिच्याकडून मोजून घ्या, एखादा गवतात राहतोच. घरी आल्यावर तंबू तसाच पिशवीत कोंबू नका, दोन दिवसांत बुरशी धरतो आणि तो वास जात नाही. हॉलमध्ये उभा करून पंखा लावा. पूर्ण वाळायला एक दिवस पुरतो, पण तिनं आत बस्तान मांडलं असेल तर तीन-चार दिवस तो हलणार नाही, तेवढी तयारी तिच्या आईची करून ठेवा.